आरोपपत्राची भाषा : कार्मिक व्यवस्थापनाच्या व्यवसायाविषयी काही विचार

वकिलांच्या किंवा डॉक्टरांच्या संघटनांची चर्चा वृत्तपत्रांतून वारंवार होते. कार्मिक व्यवस्थापकांच्या संघटनेकडे मात्र त्या व्यवसायाबाहेरचा माणूस सहसा वळून पाहत नाही. साहित्याचा अभ्यासक तर नाहीच नाही. आणि तरीही नोकरदार माणसाच्या आयुष्यात ज्या गद्याने सर्वांत मोठे फरक पडतात, ते गद्य कादंबरीचे वा निबंधाचे नसून नेमणूकपत्राचे, बदलीच्या हुकुमाचे, कारणे दाखवा नोटिशीचे आणि आरोपपत्राचे असते. हे गद्य लिहिणारा वर्ग कोणता, त्याला लिहिण्याचे शिक्षण कोणी दिले, कोणत्या भाषेत दिले, आणि त्याच्या व्यावसायिक संस्थेने या प्रश्नाचा कधी विचार केला काय, हे विषय भारतीय भाषांच्या अभ्यासकांना परके वाटण्याचे कारण नाही.

या व्यवसायाचा उगम निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या गरजेतून झाला. इंग्लंडमध्ये 1913 साली यॉर्क येथे कारखान्यांतील कल्याण-कार्यकर्त्यांची जी संघटना स्थापन झाली, तिच्यामागे कामगारांच्या, विशेषतः कामकरी स्त्रियांच्या, हिताची दृष्टी होती. अमेरिकेत 1906 साली नागरी सेवा आयोगांचे जे मंडळ एकत्र आले, तो प्रकार वेगळा. तेथे प्रश्न सरकारी नोकऱ्यांचा होता. निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने आपल्या माणसांना जागा वाटण्याची जी प्रथा होती, तिला 1883च्या कायद्याने आळा घातल्यावर गुणवत्तेनुसार भरती करण्याचे तंत्र घडवणे हे त्या मंडळाचे काम झाले. सार्वजनिक क्षेत्रातील कार्मिक व्यवस्थापकांची स्वतंत्र संघटना असावी, ही कल्पना तेथे अशी रुजली.

भारतात हा व्यवसाय गिरणीच्या फाटकाशी जन्मला. मुंबईच्या कापड गिरण्यांत माणूस कामावर घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार व्यवहारात जॉबरच्या हाती असे. तो गावाकडून माणसे आणी, त्यांना साच्यावर लावी, आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. त्याचा जुलूम हा त्या काळच्या कामगारांच्या तक्रारींचा मोठा विषय होता. 1929 साली नेमलेल्या आणि 1931 साली अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगाने या पद्धतीवर उपाय म्हणून प्रत्येक मोठ्या कारखान्यात लेबर ऑफिसर नेमावा, तो फक्त मुख्य व्यवस्थापकालाच जबाबदार असावा आणि भरतीचे काम त्याच्याकडे असावे, अशी शिफारस केली. या अधिकाऱ्याच्या अंगी कोणते गुण हवेत, हेही आयोगाने सांगितले. सचोटी, व्यक्तिमत्त्व, उत्साह आणि माणसे ओळखण्याची हातोटी यांच्या जोडीला, त्यांच्याच रांगेत, आयोगाने भाषेवरील प्रभुत्व हा एक प्रमुख गुण म्हणून नोंदवला.

ही शिफारस भाषाप्रेमातून आलेली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. जॉबर जुलमी होता, पण तो कामगाराची भाषा बोलत होता. रत्नागिरीकडून किंवा घाटावरून आलेल्या माणसाला गिरणी म्हणजे काय हे त्याच्याच बोलीत समजावून देणारा तो एकटाच होता. त्याची सत्ता जशी दस्तुरीवर उभी होती तशी ती मध्यस्थीवरही उभी होती. साहेबाची भाषा एका बाजूला, कामगाराची दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या अंतरावर जॉबरचे पोट. त्याची जागा घेणाऱ्या अधिकाऱ्याला कामगाराची भाषा आली नाही तर जॉबर गेला तरी ते अंतर जाणार नाही, इतका साधा व्यवहार त्या शिफारशीमागे होता.

पुढील काही वर्षे कायद्याने हा व्यवहार पाळला. 1934च्या मुंबईच्या तंटासमेट कायद्याने सरकारी लेबर ऑफिसरचे पद निर्माण केले आणि मागोमाग गिरणीमालकांच्या संघटनेनेही स्वतःचा लेबर ऑफिसर नेमला. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. 1946च्या औद्योगिक नोकरी (स्थायी आदेश) अधिनियमाने नोकरीच्या अटी लेखी असाव्यात असे बंधन घातले, आणि त्या अटी इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या दाराने आत येतात त्या दाराशी आणि प्रत्येक खात्यात फलकावर लावाव्यात असे स्पष्ट म्हटले. 1948च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. त्याखाली अनेक राज्यांनी जे नियम केले त्यांत या अधिकाऱ्याला बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान असावे ही पात्रतेची अट घातली. म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हा व्यवसाय आकार घेत होता तेव्हा भाषा हा त्याच्या व्याख्येचाच भाग होता.

याच सुमारास व्यवसायाच्या संस्था निघाल्या. 1948 साली कलकत्त्यास इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट आणि 1950 साली मुंबईस नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ लेबर मॅनेजमेंट. एकीच्या नावात ‘पर्सोनेल’, दुसरीच्या नावात ‘लेबर’. हा केवळ शब्दांचा फरक नव्हता. 1980 साली या दोन संस्था एक झाल्या आणि नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट हे नाव पुढे आले. एकत्रित नावात कोणता शब्द टिकला आणि कोणता गळाला, हे शब्दांच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे आहे. दरम्यान 1973 साली सार्वजनिक उपक्रमांचे ‘स्कोप’ हे मंडळ दिल्लीत स्थापन झाले. सार्वजनिक क्षेत्रातील कार्मिक अधिकाऱ्यांचे व्यावसायिक जीवन तेव्हापासून या संस्था, त्यांच्या शहरोशहरीच्या शाखा, वार्षिक परिषदा, प्रशिक्षणवर्ग आणि पदविका यांच्या आधाराने चालत आले आहे.

या संस्थांचे कार्य लहान लेखण्याचे कारण नाही. हाताखालच्या माणसांची यादी ठेवणारा टाइमकीपर आणि साहेबाचा निरोप सांगणारा दुय्यम नोकर, अशी ज्याची प्रतिमा होती त्याला व्यवसायाची प्रतिष्ठा या संस्थांनी मिळवून दिली. भरतीच्या कसोट्या, कामाचे मूल्यमापन, तक्रार निवारणाची पायरीपायरीची पद्धत, सामुदायिक करार या गोष्टी भिलाई, रुरकेला, नेवेली, पिंपरी येथील कारखान्यांत ज्या थोड्याफार सारखेपणाने रुजल्या, त्यात या माणसांच्या एकमेकांशी झालेल्या देवघेवीचा वाटा मोठा आहे. सार्वजनिक क्षेत्र हा आदर्श मालक असावा, हे वाक्य भाषणांतून पुष्कळदा उच्चारले गेले. त्याला फाइलीवर उतरवण्याचे काम कार्मिक विभागाने केले.

तथापि प्रतिष्ठा मिळवण्याच्या या वाटेवर व्यवसायाने काहीतरी खाली ठेवले, आणि ते म्हणजे 1931 सालच्या यादीतला तो शेवटचा गुण. व्यवसाय अखिल भारतीय झाला, त्याचे शिक्षण व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयांत गेले, परिषदा आणि नियतकालिके इंग्रजीत चालू लागली, उदाहरणे अमेरिकन पाठ्यपुस्तकांतून येऊ लागली. अधिकाऱ्याची बदली विशाखापट्टणहून नाशिकला आणि नाशिकहून दुर्गापूरला होऊ लागली. भाषेचे ज्ञान हा कल्याण अधिकाऱ्याच्या पात्रतेतला जुना, काहीसा गावंढळ कलम म्हणून नियमपुस्तकात उरला. व्यवसायाच्या स्वतःच्या कल्पनेतून तो गेला. याबद्दल कोणी ठराव केला नव्हता. म्हणूनच तो बदल कोणाच्या लक्षात आला नाही.

भाषेचा प्रश्न शिस्तभंगाच्या कारवाईत सर्वाधिक बोचतो, म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे. केंद्र सरकारच्या आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तनाची जी यादी होती तिच्यातील पहिलेच कलम हुकूम न मानण्याचे आहे, पण नुसते न मानणे नव्हे. तेथे ‘विलफुल’ हे विशेषण आहे. सरकारी मराठीत त्याचे ‘बुद्धिपुरस्सर अवज्ञा’ असे होते. कामगार म्हणेल, ‘जाणूनबुजून हुकूम मोडला.’ आता या तीन शब्दप्रयोगांपैकी ज्या एकात कामगाराला आपला बचाव सापडतो, तो तिसरा आहे. जाणूनबुजून मोडला नाही, यंत्राच्या आवाजात ऐकूच आला नाही, असे तो तत्काळ म्हणू शकतो. ‘बुद्धिपुरस्सर’ या शब्दासमोर तो गप्प बसतो, आणि इंग्रजी कागदासमोर तर सही करून मोकळा होतो.

गैरहजेरीचेही तसेच. कायद्याच्या यादीत ‘सवयीची’ विनापरवाना गैरहजेरी हे गैरवर्तन आहे. एखादा खाडा हे गैरवर्तन नव्हे. त्याचा पगार कापला की तो मिटतो. कामगाराला इंग्रजी आरोपपत्र देऊन तोंडी विचारले जाते, ‘अमुक तारखांना आला नव्हतास ना?’ तो म्हणतो, ‘नव्हतो साहेब.’ चौकशीच्या कागदावर उतरते की आरोप मान्य. त्याने मान्य केले ते खाडे. त्याच्या नावावर चढली ती सवय. या दोहोंतील अंतर म्हणजे त्याची नोकरी. ‘मान्य’ हा मराठी शब्द स्वतःच येथे घातक ठरू शकतो, कारण कागद मिळाल्याची पोच देतानाही तो वापरला जातो आणि गुन्हा कबूल करतानाही.

शिक्षेच्या शब्दांची गत निराळी नाही. सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फ करणे या दोन शिक्षा कायद्याने वेगळ्या मानल्या आहेत. सरकारी सेवेत बडतर्फ झालेल्यास सामान्यतः पुन्हा सरकारी नोकरी मिळत नाही, काढून टाकलेल्यास तो अडसर नसतो. कामगारकपात आणखी वेगळी. ती शिक्षाच नव्हे, तिच्यात भरपाईचा हक्क आहे. चाळीच्या बोलीत या सर्वांना एकच क्रियापद आहे : घरी बसवले. या एका क्रियापदातून त्या तीन अर्थांपर्यंत माणसाला नेणे, आणि तेही निर्णय होण्यापूर्वी, हे ज्याचे काम आहे तो अधिकारी भाषेचे काम करीत नाही असे कोण म्हणेल?

कायदा या बाबतीत आंधळा नव्हता. खातेनिहाय चौकशी न्याय्य केव्हा मानावी हे सर्वोच्च न्यायालयाने सुर एनॅमल प्रकरणात 1963 साली सांगितले. त्यातील पहिलीच अट अशी की कामगाराला त्याच्यावरील आरोप स्पष्टपणे कळवला गेला पाहिजे. न समजणाऱ्या भाषेत स्पष्टपणे कळवणे ही गोष्ट कशी साधते, हे विचारण्यास न्यायाधीश असण्याची गरज नाही. केंद्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तर पुढे अशी तरतूद आली की चौकशीचे कामकाज हिंदीत, इंग्रजीत किंवा कारखाना ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या भाषेत, यांपैकी कामगार ज्या भाषेला पसंती देईल त्या भाषेत नोंदवले जावे. निवड मालकाची नव्हे, चौकशी अधिकाऱ्याची नव्हे, कामगाराची. भारतीय भाषांच्या बाजूने इतकी नेमकी वाक्ये कायद्याच्या पुस्तकांत फार थोडी आहेत. पण पसंती विचारली जावी यासाठी विचारणाऱ्याला ती भाषा लिहिता यावी लागते. आणि तेथे व्यवसायाचे शिक्षण अपुरे पडते.

खासगी कारखान्यातही हे सारे खरे आहे. मग सार्वजनिक क्षेत्राचा वेगळा विचार कशासाठी? एक तर सार्वजनिक उपक्रमाचा कार्मिक अधिकारी जे पत्र लिहितो ते केवळ मालकाचे पत्र नसते. 1975 साली सुखदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेल व नैसर्गिक वायू आयोग, आयुर्विमा महामंडळ आणि औद्योगिक वित्त महामंडळ यांना राज्यसंस्थेचे अंग मानले, आणि त्यांच्या सेवानियमांना कायद्याचे बळ दिले. 1986 साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या प्रकरणात कायम नोकराला कारण न देता तीन महिन्यांच्या नोटिशीवर काढून टाकण्याचा अधिकार देणारा नियम न्यायालयाने रद्द ठरवला. सार्वजनिक क्षेत्रातील नियमाचा मसुदा हा अशा रीतीने संविधानाच्या प्रकाशात वाचला जाणारा मजकूर आहे. तो एका अर्थी नागरिकाशी राज्याने केलेला संवाद आहे, आणि नागरिकाच्या भाषेचा मान राखण्याचे कर्तव्य मालकापेक्षा राज्यावर अधिक आहे.

दुसरे कारण अधिक विचित्र आहे. 1976च्या राजभाषा नियमांनी, तामिळनाडू वगळता, केंद्राच्या मालकीच्या कंपन्यांनाही कक्षेत घेतले. नियमपुस्तिका व कार्यपद्धतीचे साहित्य हिंदी आणि इंग्रजीत काढण्याचे बंधन घातले. अनेक उपक्रमांत राजभाषेचे काम कार्मिक विभागाच्याच छत्राखाली चालते. त्यामुळे भाषेसाठी माणूस, टेबल, पंधरवडा, स्पर्धा आणि अहवाल हे सर्व कार्मिक विभागाजवळ आहे, फक्त ज्या राज्यात कारखाना उभा आहे त्या राज्याच्या भाषेसाठी ते नाही. हिंदीच्या वाट्याला आलेल्या तरतुदीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तिच्या शेजारची जागा रिकामी का, एवढाच प्रश्न आहे. सरकारी बँकेच्या गिऱ्हाइकाला फॉर्म त्रिभाषिक मिळावा असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. गिऱ्हाइकाच्या भाषेची जी कदर झाली ती काउंटरच्या आतल्या शिपायाच्याही वाट्याला यावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

प्रश्न मराठी किंवा ओडिया यांच्यापाशी संपत नाही हेही मान्य केले पाहिजे. जुन्या कायद्याची भाषा ‘बहुसंख्य कामगारांची’ अशी होती. रुरकेल्याचा पोलाद कारखाना ज्या जमिनीवर उभा राहिला तेथे मुंडा आणि उराँव लोकांची वस्ती होती, आणि जमीन गेलेल्या कुटुंबांतील काहींना कारखान्यातच काम मिळाले. बहुसंख्येच्या हिशेबात मुंडारी किंवा कुडुख भाषेला फलकावर जागा मिळणे अवघड. संथाळी 2003 साली आठव्या अनुसूचीत आली. मुंडारी, हो, कुडुख अजून बाहेरच आहेत. आणि आज कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्यांत कंत्राटी कामगारांचा वाटा वाढला आहे. तो दूरच्या राज्यातून आलेला असतो, आणि कार्मिक विभाग त्याला आपला माणूस समजतोच असे नाही. ठेकेदाराचा मुकादम त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलतो. म्हणजे जॉबर नाव बदलून फाटकाशी परत आला आहे.

या विरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांत तथ्य नाही असे नाही. अधिकाऱ्याने किती भाषा शिकाव्यात? वरच्या न्यायाधिकरणात कागद इंग्रजीतच जातात, मग दुहेरी काम कशाला? पहिल्या आक्षेपाला उत्तर शेजारीच आहे. भारतीय प्रशासन सेवेतील केरळचा तरुण महाराष्ट्राच्या वाट्याला आला तर त्याला मराठीची परीक्षा द्यावी लागते आणि तो ती देतो; त्याच्या बुद्धीला जे झेपते ते उपक्रमातील अधिकाऱ्याला झेपणार नाही असे मानणे त्याचा अपमान करणे आहे. दुसऱ्याचे उत्तर असे की भाषांतर न्यायाधिकरणासाठी करावे, कामगारासाठी नव्हे. मूळ कागद ज्याच्या विरुद्ध आहे त्याच्या भाषेत असावा आणि भाषांतराचा भार बलवान पक्षाने उचलावा. आज तो उलट बाजूला आहे.

तिसरा आक्षेप भाषेच्या पंडितांवर येतो, आणि तो गंभीर आहे. देशी भाषांत लिहिलेले कार्यालयीन गद्य इंग्रजीपेक्षाही दुर्बोध असते, असे अधिकारी म्हणतात. 1962 साली महाराष्ट्र शासनाचा पदनाम कोश निघाला तेव्हा त्याची पुष्कळ थट्टा झाली. ती सर्वस्वी न्याय्य नव्हती, कारण त्या कोशातील कित्येक शब्द आज कोणालाही खटकत नाहीत. पण संस्कृत धातूंतून शब्द पाडला की काम झाले, ही वृत्ती खरी होती आणि आहे. राज्यव्यवहारकोशाचा दाखला अशा वेळी नेहमी दिला जातो. शिवकालात फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो उपक्रम थोर खराच. पण त्यानंतर तीनशे वर्षांनी मराठी कामगार ज्या शब्दांनी आपली नोकरी सांगतो ते कोणते? नोकर, हजेरी, रजा, मुकादम, बडतर्फ हे फार्सी-अरबीतून आलेले. पगार पोर्तुगिजांकडून आला. मेमो, चार्जशीट, सस्पेंड, ड्युटी इंग्रजीतून. कार्मिक विभागाला तो ‘पर्सनल’ म्हणतो, आणि खासगी व कार्मिक यांची ही नकळत झालेली गल्लत पुष्कळदा अर्थपूर्ण असते. बदली या एका शब्दाची गंमत पाहावी. कचेरीत बदली म्हणजे दुसऱ्या गावी रवानगी. गिरणीत बदली म्हणजे दुसऱ्याच्या जागी रोजावर लागणारा माणूस, ज्याला कायम होण्यासाठी वर्षानुवर्षे फाटकाशी उभे राहावे लागे. शब्द एक, त्यातील भीती दोन. ‘स्थानांतरण’ किंवा ‘पर्यायी कामगार’ लिहून या भीतीचा पत्ता लागत नाही. आरोपपत्र मराठीत लिहायचे म्हणजे या मराठीत लिहायचे. कोशातल्या मराठीत लिहिले तर कामगार त्यावरही न वाचताच सही करील.

व्यवसायाचे स्वतःचे नाव बदलले त्याचीही नोंद येथे करावयास हवी. ऐंशीच्या दशकापासून ‘पर्सोनेल’ मागे पडून ‘ह्यूमन रिसोर्स’ आले. 1985 साली केंद्रात त्या नावाचे मंत्रालयही झाले आणि 2020 साली ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले. मराठीत त्याची भाषांतरे दोन : मानव संसाधन आणि मनुष्यबळ. पहिल्यात माणूस साधन आहे. दुसऱ्यात निदान त्याच्या अंगात बळ आहे. ज्या अधिकाऱ्याला हा फरक जाणवत नाही तो वाईट अधिकारी असेल असे नाही, पण ज्याला जाणवतो तो पत्र लिहिताना एक क्षण थबकेल.

साहित्यात या अधिकाऱ्याचे चित्र कसे उमटले आहे? फारसे उमटलेलेच नाही. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’मध्ये गिरणी आहे, नारायण सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये कामगाराचे शहर आहे, जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये गिरणी बंद पडल्यावरचे घर आहे. मालक आहे, पुढारी आहे, जॉबर आहे. कार्मिक अधिकारी मात्र पडद्यामागे राहतो. बंगालीत शंकर यांच्या ‘सीमाबद्ध’ या कादंबरीत आणि तिच्यावरून सत्यजित राय यांनी 1971 साली केलेल्या चित्रपटात तो एकदा ठळकपणे दिसतो. पंख्यांच्या कंपनीचा महत्त्वाकांक्षी अधिकारी, सदोष माल वेळेवर पाठवता येत नाही म्हणून कारखान्यात मुद्दाम अशांतता घडवून आणतो. आणि त्या कामात त्याला साथ देतो तो कारखान्याचा कार्मिक अधिकारी. कामगारांना तो इतका चांगला ओळखतो की त्यांना केव्हा आणि कसे भडकवावे हे त्यालाच ठाऊक आहे. शाही आयोगाने सांगितलेली माणसे ओळखण्याची हातोटी तिच्याजवळची सचोटी वजा केली की काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण व्यवस्थापनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. कार्मिक व्यवस्थापकांच्या संघटनेने आपल्या प्रशिक्षणवर्गात अमेरिकन उदाहरणांऐवजी एक सकाळ हा चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घडवली, तर उपस्थितांना काही काळ अस्वस्थ वाटेल, ते वाटावे.

संघटनेकडून अपेक्षा आहे ती यापेक्षा अवघड कामाची. तिच्या पदविकेत भाषेला एक कागद असावा आणि तो निबंधाचा नसून नोटीस, आरोपपत्र आणि जबाब कामगाराच्या भाषेत लिहिण्याचा असावा. तिच्या शाखा ज्या ज्या शहरात आहेत तेथील विद्यापीठांच्या भाषाविभागांबरोबर बसून तिने नमुन्याचे कागद तयार करावेत, आणि ते छापण्यापूर्वी फाटकाबाहेरच्या चहाच्या दुकानात दहा माणसांना वाचून दाखवावेत. भाषाविभागांनीही हे काम आपल्या योग्यतेचे नाही असे समजू नये. चौकशीचा जबाब हा प्रश्नोत्तररूपाने चालणारा, बोलीतला, ज्याच्या प्रत्येक वाक्यावर माणसाची भाकरी टांगलेली आहे असा गद्यप्रकार आहे. मराठीच्या किंवा कोणत्याही भारतीय भाषेच्या अभ्यासक्रमात त्याचा एक नमुनाही सहसा नसतो. पत्रे, बखरी, करीने यांचा अभ्यास करणाऱ्या परंपरेला हे नवे दप्तर का नको वाटावे, हे समजणे कठीण आहे.

वेळही नेमकी आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता अंमलात आल्या; 1946चा स्थायी आदेश कायदा आणि 1948चा कारखाने कायदा त्यांच्यात विलीन झाले. कल्याण अधिकारी आता अडीचशे कामगारांच्या कारखान्यात लागतो, पूर्वी पाचशेच्या लागे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. स्थायी आदेशांचे प्रकरण मात्र तीनशे कामगारांपासून पुढे लागू होते, पूर्वी ते शंभरापासून होते. आणि इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत, दाराशी फलकावर, हे जुन्या कायद्याच्या मूळ कलमातले शब्द नव्या संहितेच्या मूळ कलमात नाहीत. कोणत्या भाषेत व कोणत्या रीतीने ते आदेश ठेवावेत हे नियमांनी ठरवायचे आहे. अशा नियमांच्या मसुद्यांवर सूचना मागवल्या जातात, आणि त्या देणाऱ्यांत व्यावसायिक संस्थांच्या शब्दाला वजन असते. निवड कामगाराची ही जुनी तरतूद नियमांत शब्दशः राहावी, इतकी एक ओळ लिहून पाठवण्यास संघटनेला मोठी समिती नेमण्याची जरुरी नाही.